निळी कोंबडी आणि तिची टाकाऊ पिल्ले

अपूर्ण प्रभाविता शिकवायची वेळ आली की आपण फळ्यावर गुलबास काढतो. लाल फुलाचे झाड, पांढऱ्या फुलाचे झाड, त्यांच्या संकरातून गुलाबी फुलांची झाडे आणि पुढच्या पिढीत १:२:१ हे प्रमाण. मुले ते वहीत उतरवून घेतात. एखादा विद्यार्थी मात्र विचारतो, "सर, दर वर्षी फक्त गुलाबी फुलांचेच बी राखून ठेवले, तर शेवटी नुसती गुलाबीच झाडे मिळणार नाहीत का?" आपण 'नाही' म्हणतो आणि तासाची घंटा होते.

हा प्रश्न घंटेवर सोडून देण्यासारखा नाही. इंग्लंडमधल्या कोंबड्या पाळणाऱ्या काही चोखंदळ मंडळींनी याच प्रश्नाशी जवळजवळ अर्धे शतक झुंज दिली. त्यांच्यासमोर गुलबास नव्हता, एक निळी कोंबडी होती. तिची हकीकत विज्ञानाच्या इतिहासात एखाद्या परिच्छेदात उरकली जाते. आम्हाला ती जरा विस्ताराने सांगावीशी वाटते, कारण तिचे धागे कोंबड्यांच्या खुराड्यातून निघून माणसांच्या न्यायालयापर्यंत गेलेले आहेत.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत युरोपात कोंबडी ही अंगणातली गोष्ट होती. खरकटे खायचे, अंडी द्यायची, पाहुणा आला की कापली जायची. तिच्या रंगारूपाकडे कोणी फारसे लक्ष देत नसे. लक्ष जाई ते झुंजीच्या कोंबड्याकडे. १८३५ साली आणि पुन्हा १८४९ साली इंग्लंडमध्ये कायद्याने झुंजींना बंदी झाली. त्याच सुमारास चीनमधून अवाढव्य, पायांवर पिसे असलेल्या कोंबड्या आल्या. त्यांना कोचीन म्हणू लागले. (आपल्या कोचीनशी त्यांचा संबंध नाही. ते नाव कोचीन-चायना या प्रदेशावरून आले. 'ब्रह्मा' नावाची दुसरी मोठी जात ब्रह्मपुत्रेच्या नावाने विकली गेली, पण तिचे मूळही चीनकडेच जाते. व्यापाऱ्यांना दूरदेशीच्या नावांचे आकर्षण तेव्हाही होतेच.) व्हिक्टोरिया राणीने अशा कोंबड्या पाळल्या आणि मग इंग्लंड-अमेरिकेत त्यांचे वेडच पसरले. जॉर्ज बर्नहॅम नावाच्या अमेरिकन व्यापाऱ्याने या वेडाचा भरपूर फायदा घेतला आणि १८५५ साली त्याचीच थट्टा करणारे पुस्तक लिहून पुन्हा पैसे मिळवले.

वेड ओसरले, पण प्रदर्शने उरली. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८४५ साली कोंबड्यांचे प्रदर्शन भरले होते. नंतर ती गावोगाव भरू लागली. प्रदर्शन म्हटले की बक्षीस आले, बक्षीस म्हटले की परीक्षक आला आणि परीक्षकाला मोजपट्टी हवी. १८६५ साली इंग्लंडमध्ये आणि १८७४ साली अमेरिकेत कोंबड्यांच्या जातींची 'मानके' छापली गेली. अमुक जातीचा तुरा असा, कानाची पाळी पांढरी, पाय पिवळे, पिसाची किनार काळी, पाठीचा उतार एवढा. या पुस्तकात बसेल ती कोंबडी शुद्ध, न बसेल ती सदोष. सदोष पिल्लू काढून टाकायचे, म्हणजे बहुधा स्वयंपाकघरात पाठवायचे. पैदासकाराचे सारे कौशल्य या काढून टाकण्यात होते.

या लोकांची नजर विलक्षण तयार होती हे मान्य केलेच पाहिजे. चार्ल्स डार्विनने कबुतरे आणि कोंबड्या पाळणाऱ्यांशी मुद्दाम ओळखी वाढवल्या. विल्यम टेगेटमायर हा कुक्कुटतज्ज्ञ त्याला वर्षानुवर्षे माहिती आणि नमुने पुरवत होता. १८६८ साली पाळीव प्राण्यांतील विविधतेवर डार्विनने जो मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यातले कोंबडीवरचे प्रकरण अशा मंडळींच्या अनुभवावर उभे आहे. निवडीने केवढा बदल घडवता येतो हे त्यांनी हाताने करून दाखवले होते. मात्र तो बदल पिढीतून पिढीत कसा उतरतो, हे त्यांनाही ठाऊक नव्हते आणि डार्विनलाही नव्हते.

आता आपल्या निळ्या कोंबडीकडे येऊ. तिचे नाव अँडालुशियन, स्पेनच्या एका प्रांतावरून पडलेले. रंग पाटीसारखा निळसर करडा आणि प्रत्येक पिसाला गडद काळी किनार. सुंदर पक्षी आहे. मानकात रंग एकच लिहिलेला होता, निळा. पण गंमत अशी, की उत्तमातल्या उत्तम निळ्या कोंबड्याची उत्तमातल्या उत्तम निळ्या कोंबडीशी जोडी लावली तरी पिल्लांत काही काळी निघत आणि काही मळकट पांढरी, अंगावर करडे-काळे शिंतोडे उडाल्यासारखी. पैदासकार त्यांना इंग्रजीत ज्या शब्दाने ओळखत, त्याचा अर्थ 'वाया गेलेली' असा होतो. समजूत सरळ होती. वाण अजून पुरता शुद्ध झालेला नाही, निवड आणखी कडक झाली पाहिजे. म्हणून ते दर वर्षी काळी आणि पांढरी पिल्ले काढून टाकत आणि निळी तेवढी राखत. पुढच्या वर्षी काळी-पांढरी पिल्ले पुन्हा तेवढीच.

तेवढीच, हे आम्ही म्हणतो. त्यांनी ती मोजली नव्हती. टाकून द्यायची वस्तू कोण मोजतो?

मोजणारा माणूस केंब्रिजजवळच्या ग्रँटचेस्टर गावात राहत होता. विल्यम बेटसन हा प्राणिशास्त्रज्ञ. विद्यापीठात त्याला मोठे पद नव्हते, प्रयोगशाळा नव्हती. घराची बाग होती. तिथे भाजीपाला आणि फुलझाडांच्या शेजारी त्याने कोंबड्या ठेवल्या. पत्नी बिअॅट्रिस प्रयोगांत मदत करी. रॉयल सोसायटीच्या उत्क्रांती समितीकडून थोडे अनुदान मिळे. १९०० साली मेंडेलचा विस्मृतीत गेलेला निबंध पुन्हा उजेडात आला, तेव्हा बेटसनची संकराची कामे आधीच चालू होती. त्याने मेंडेल वाचला आणि स्वतःच्या कोंबड्यांकडे नव्या नजरेने पाहिले.

त्या काळी मेंडेलवर एक आक्षेप होता, तो असा की हे सारे वाटाण्यापुरते असेल, प्राण्यांत असे काही नसते. बेटसनने कोंबड्यांचा तुरा निवडला, आणि ही निवड फार शहाणपणाची होती. तुऱ्याचा प्रकार पिल्लू अंड्यातून बाहेर पडण्याच्या सुमारासच ओळखता येतो. म्हणजे पिल्लू वाढून मोठे होण्याची वाट पाहायला नको, आणि लहानपणीच मेलेली पिल्लेही मोजणीतून सुटत नाहीत. आपल्या गावठी कोंबडीला असतो तो करवतीसारखा एकेरी तुरा. काही जातींत तो पसरट, दाणेदार असतो, त्याला गुलाबतुरा म्हणू. काहींत तीन बुटक्या ओळींचा वाटाणातुरा असतो. गुलाबतुरा एकेरीवर प्रभावी, वाटाणातुराही एकेरीवर प्रभावी, आणि पुढच्या पिढीत मेंडेलचे ३:१. एडिथ सॉन्डर्स या वनस्पतिशास्त्रज्ञ बाईंच्या झाडांवरील प्रयोगांसोबत १९०२ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. प्राण्यांत मेंडेलचे नियम लागू पडतात याचा हा अगदी पहिल्या पुराव्यांपैकी एक. (त्याच वर्षी फ्रान्समध्ये क्युएनो यांनी उंदरांवर असेच दाखवले.)

लवकरच रेजिनाल्ड पनेट हा तरुण सहकारी बेटसनला येऊन मिळाला. ज्याच्या चौकटी आपण आजही फळ्यावर आखतो तोच हा पनेट. दोघांनी गुलाबतुरा आणि वाटाणातुरा यांचा संकर केला, तेव्हा सगळ्या पिल्लांना दोन्हींहून वेगळा, अक्रोडासारखा तुरा आला. ही पिल्ले आपसांत जोडल्यावर ९ अक्रोडतुरा, ३ गुलाबतुरा, ३ वाटाणातुरा आणि १ एकेरी असे प्रमाण आले. दोन वेगळी जनुके मिळून एक तिसरे रूप घडवतात, हे इथे दिसले. आणि आजी-आजोबांत कोणाचाही नसलेला एकेरी तुरा सोळात एका नातवाला कुठून आला, याचेही उत्तर मिळाले. पैदासकार अशा पिल्लाला 'जुन्या रक्ताचा उमाळा' म्हणत. ते साधे गणित निघाले.

अँडालुशियनचे कोडे याच बागेत सुटले. निळ्याशी निळा जोडला आणि सगळी पिल्ले मोजली, तर साधारण चौथा हिस्सा काळी, अर्धी निळी, चौथा हिस्सा शिंतोड्यांची. म्हणजे निळा रंग हीच संकराची खूण. एका जनुकाची एक प्रत असली की काळा रंग फिकटून निळसर होतो, दोन्ही प्रती असल्या की जवळजवळ पांढरा होतो, एकही नसली की काळा राहतो. निळी कोंबडी कधीच शुद्ध होणार नव्हती. शुद्ध होती ती काळी आणि ती शिंतोड्यांची, नेमकी तीच 'वाया गेलेली' पिल्ले.

पुढचा निष्कर्ष तर पैदासकारांना थट्टाच वाटली असेल. काळ्या आणि शिंतोड्यांच्या टाकाऊ पक्ष्यांची जोडी लावा, सगळीच्या सगळी पिल्ले निळी निघतील. निळ्या जोडीपासून शंभरात पन्नास, टाकाऊ जोडीपासून शंभरात शंभर. अर्धशतकभर ज्या पिल्लांचा रस्सा केला, तीच हवी ती कोंबडी देणारी होती.

पैदासकारांची बाजूही सांगितली पाहिजे. त्यांना नुसता निळा रंग नको होता, पिसाची काळी किनार रेखीव हवी होती. काळ्या पक्ष्यात किनार दिसतच नाही, मग तो किनारीच्या दृष्टीने चांगला की वाईट हे ओळखणार कसे? म्हणून पुढेही अनेकांनी निळ्याशी निळा जोडणेच पसंत केले, आणि आता ते अज्ञान नव्हते. मिळणारी अर्धी पिल्ले फुकट जाणार हे जाणून घेतलेला तो निर्णय होता.

दुसरी एक जात याहून चिवट निघाली. अमेरिकेच्या मानकात १८८३ साली वायंडॉट ही जात दाखल झाली. तिला गुलाबतुरा हवा. पण दर वर्षी काही पिल्ले एकेरी तुऱ्याची निघत. इथे निळ्यासारखी अडचण नाही, कारण गुलाबतुऱ्याच्या दोन प्रती असलेला पक्षीही गुलाबतुऱ्याचाच दिसतो. तेव्हा एकेरीवाले काढत राहिले तर ते संपायला हवेत. किती दिवसांत? हा हिशेब बारावीच्या वर्गात करून पाहण्याजोगा आहे. समजा कळपात शंभरात एक पक्षी एकेरी तुऱ्याचा आहे. म्हणजे एकेरीच्या जनुकाचे प्रमाण ०.१. दर पिढीत एकेरी तुऱ्याचे सगळे पक्षी बाद केले, तर दहा पिढ्यांनंतर हे प्रमाण ०.०५ होते, म्हणजे चारशेत एक. दहा हजारांत एकावर यायला नव्वद पिढ्या लागतात. जनुक दुर्मीळ होत जाते तसे ते विषमयुग्मी पक्ष्यांत दडून बसते, आणि तिथे परीक्षकाची नजर पोहोचत नाही.

त्यावर चाचणी-संकराचा उपाय होता. संशयित कोंबडा एकेरी तुऱ्याच्या कोंबड्यांना लावायचा. दहा पिल्ले निघाली आणि दहाही गुलाबतुऱ्याची असली, तर तो विषमयुग्मी असण्याचा संभव फार थोडा. विषमयुग्मी कोंबड्यापासून अशी ओळीने दहा पिल्ले मिळण्याची शक्यता १०२४ मध्ये एक. पण असे तपासून घेतलेले शुद्ध कोंबडे वापरले की अंडी कमी फळत. समयुग्मी गुलाबतुऱ्याच्या कोंबड्यांची प्रजननक्षमता कमी असते हे विसाव्या शतकात लक्षात आले, पण कारण कळायला २०१२ साल उजाडले. गुणसूत्र क्रमांक ७ वरचा सुमारे ७४ लाख अक्षरांचा एक तुकडा या कोंबड्यांत उलटा बसलेला आहे. उलटताना त्याच्या एका टोकाला एक जनुक नव्या शेजारात गेले आणि तुऱ्याच्या जागी नको तेव्हा जागे झाले. त्यातून गुलाबतुरा झाला. दुसऱ्या टोकाला शुक्रपेशींशी संबंधित असलेले एक जनुक मधोमध तुटले. एक प्रत चांगली असली तर काम भागते, दोन्ही तुटक्या असल्या तर शुक्रपेशी नीट पोहत नाहीत. म्हणजे परीक्षक मांडवात शुद्ध गुलाबतुरा निवडत होता आणि खुराड्यात विषमयुग्मी कोंबड्यांची निवड आपोआप होत होती.

इथपर्यंतची गोष्ट मजेची आहे. पुढची नाही.

अमेरिकेत चार्ल्स डेव्हनपोर्ट हा नामांकित जीवशास्त्रज्ञ याच काळात कोंबड्यांचे तुरे, रंग आणि पिसे यांवर संकराचे प्रयोग करत होता. १९०६ आणि १९०९ साली त्याने त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केले. १९१० साली कोल्ड स्प्रिंग हार्बर येथे त्याने माणसांच्या वंशावळी गोळा करणारे सुप्रजननाचे कार्यालय उघडले आणि १९११ साली माणसाच्या आनुवंशिकतेवर पुस्तक लिहिले. त्याची पद्धत खुराड्यातलीच होती. गरिबी, भटकेपणा, 'मंदबुद्धी' यांना त्याने तुऱ्यासारखे एकेका जनुकाचे गुण मानले आणि मानकात न बसणाऱ्यांना प्रजननापासून दूर ठेवावे असा प्रचार केला. सक्तीच्या निर्बीजीकरणाचा पहिला कायदा इंडियाना राज्यात १९०७ सालीच झाला होता. १९२७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने असे कायदे वैध ठरवले. साठ हजारांहून अधिक अमेरिकन स्त्री-पुरुषांचे अशा कायद्यांखाली निर्बीजीकरण झाले.

कोंबड्यांचा हिशेब मांडणारा पनेट सुप्रजननाचा विरोधक नव्हता. तरीही १९१७ साली त्यानेच दाखवून दिले, की मंदबुद्धी हा जर अप्रभावी जनुकाचा गुण मानला आणि असे सगळे लोक प्रत्येक पिढीत वगळले, तरी शंभरात एक हे प्रमाण लाखात एकावर आणायला आठ हजारांहून अधिक वर्षे लागतील. गणित वायंडॉटचेच आहे, फक्त पिढी पंचवीस-तीस वर्षांची. ज्यांना हे वाचायला हवे होते, त्यांनी त्याकडे पाठ फिरवली. ज्या गुणांविषयी ही भाषा चालली होती ते तुऱ्यासारखे एका जनुकाचे नव्हतेच, ही याहून मोठी चूक.

शुद्धतेविषयी आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते, आणि ती आपल्या सह्याद्रीतली आहे. डार्विनने सगळ्या पाळीव कोंबड्यांचा पूर्वज एकच मानला होता, लाल रानकोंबडा. सह्याद्रीच्या रानात पहाटे आरवतो तो राखाडी रानकोंबडा वेगळ्या जातीचा, आणि पाळीव कोंबडीशी त्याचा संकर झाला तरी संतती बहुधा वांझ. पण मानकांत ज्याचा एवढा आग्रह, तो पायांचा पिवळा रंग लाल रानकोंबड्यात नाही. २००८ साली स्वीडनमधील उप्साला येथील संशोधकांच्या गटाने पिवळ्या कातडीला कारण असलेला जनुकाचा प्रकार तपासला, तेव्हा तो राखाडी रानकोंबड्याकडून आलेला दिसला. केव्हातरी दक्षिण आशियात एखादे संकरित पिल्लू वांझ निघाले नाही आणि त्याचे पिवळे पाय जगभर पसरले. 'शुद्ध' वायंडॉटच्या पिवळ्या पायांत असा आपल्या रानातला वारसा आहे.

आपल्या खेड्यांत उलट्या पिसांची कोंबडी अधूनमधून दिसते आणि ती दिसली की करणी, उतारा अशा गोष्टी निघतात. तीही निळ्या कोंबडीची बहीणच. केराटिनाच्या जनुकातील बदलाची एक प्रत असली की पिसे छान वळतात. दोन्ही प्रती असल्या की पिसे ठिसूळ होऊन गळतात आणि पक्षी उघडाबोडका दिसतो. लँडॉअर आणि डन यांनी १९३० साली ही आनुवंशिकता मांडली. नेमका कोणत्या केराटिनात बदल आहे ते २०१२ साली कळले. दोन उलट्या पिसांच्या पक्ष्यांच्या पिल्लांत साधी, वळलेली आणि उघडी यांचे प्रमाण काय असेल, हे आता विद्यार्थ्यांना विचारता येईल.

ज्या शाळांतल्या मुलांच्या घरी कोंबड्या आहेत, तिथे एक उद्योग सहज होण्याजोगा आहे. असील कोंबड्याला वाटाणातुरा असतो, गावठी कोंबडीला बहुधा एकेरी. एखाद्या घरी असील कोंबडा आणि गावठी कोंबड्या असतील, तर खुडूक बसवलेल्या प्रत्येक कोंबडीची पिल्ले निघाली की त्यांचे तुरे पाहून वहीत नोंदवावेत. ही पिल्ले मोठी होऊन त्यांची आपसांत पिल्ले होतील तेव्हा पुन्हा नोंद करावी. या दुसऱ्या खेपेला एकेरी तुरे परत दिसतील. नोंद पहिल्याच दिवशी करावी आणि मेलेली पिल्लेही धरावीत. आठवडाभर थांबलात तर घार, मुंगूस आणि मांजर यांच्यामुळे आकडे चुकतील.